भूक मोडू देऊ नका

माझी आई बिस्किटांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवायची. घाटकोपरच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात स्टोव्ह आणि शाळेतून आल्या आल्या डब्याकडे जाणारे आमचे डोळे. ती म्हणायची, "आत्ता खाल्लंस तर भूक मोडेल. मग ताटावर बसून नुसतं चिवडत बसशील." तेव्हा तो शब्द जेवणापुरताच होता. आता साठी उलटली, मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहते, आणि रविवारी उपासनेला बसले की आईचा तोच शब्द आठवतो. आमची भूक मोडली आहे. विश्वास गेलेला नाही, देवळात जाणं सुटलेलं नाही, दशमांशही वेळेवर जातो. पण ताट पुढे आलं की आम्ही चिवडतो.

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहिते आहे. ज्यांचे वडील नगर, जालना, सोलापूरकडून एक वळकटी आणि एक पवित्र शास्त्र घेऊन मुंबईत आले, विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांत राबले, ज्यांच्या खोल्यांचे पुढे फ्लॅट झाले आणि ज्यांची मुलं आज पवईत नाहीतर दुबईत आहेत, त्यांच्यासाठी. अंधेरी, मरोळ, बोरिवलीच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांसाठीही. त्यांच्या भाताच्या शेतांवर आता इमारती आहेत. आपली परिस्थिती सुधारली, आणि ती प्रभूच्या कृपेने सुधारली असं आपण साक्षीच्या वेळी उभं राहून सांगतो. ते खरंच आहे. मला बोलायचं आहे ते त्यानंतर काय झालं त्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या घरी तेव्हा दर बुधवारी प्रार्थना सभा असायची. भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीतून एक मावशी येतात. चार घरची धुणीभांडी करून, दोन रिक्षा बदलून येतात. आमच्या सोसायटीत पाहुणा आला की गेटवरून फोनवर विचारणा येते आणि घरच्यांनी होकार दिल्यावरच त्याला आत सोडतात. त्या दिवशी माझा फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता. हॉलमध्ये आम्ही गात होतो, एसी चालू, खिडक्या बंद. मावशी खाली पंचवीस मिनिटं उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. रात्री फोन हातात घेतला तेव्हा विचारणा सहा वेळा येऊन गेलेली दिसली.

त्या संध्याकाळी मननासाठी आम्ही प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय घेतला होता. त्यात प्रभू दाराबाहेर उभा राहून ठोकतो.

मला त्या रात्री झोप लागली नाही. चूक फोनची होती असं म्हणता आलं असतं. पण चाळीत आमचं दार रात्री झोपतानाच लागायचं. तिथे हे घडणं शक्यच नव्हतं. आम्ही दार घेतलं, मग लॉबी, मग गेट, मग वॉचमन. प्रत्येक पायरी सुरक्षेची होती, त्यात पाप काहीच नव्हतं. आणि तरी शेवटी देवाच्या घरचं माणूस खाली भिजत उभं होतं आणि वर आम्ही मनन करत होतो.

दारावर ठोकण्याची ती गोष्ट ज्या पत्रात आहे ते कोणाला लिहिलेलं होतं, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. ते लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. लावदिकीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझली शहराजवळचं त्या काळचं श्रीमंत व्यापारी नगर. तिथे पेढ्या होत्या, काळ्याभोर लोकरीचा धंदा होता, वैद्यकीचं शिक्षण मिळे. इसवी सन 60 च्या सुमारास भूकंपाने शहर कोसळलं. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे, की रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी अख्ख्या शहराचं रिडेव्हलपमेंट केलं आणि कोणाकडे हात पसरला नाही. ही मोठीच कर्तबगारी. पण ज्या शहराला कोणाचीच गरज लागली नाही त्या शहरातल्या मंडळीलाही हळूहळू तसंच वाटू लागलं, आणि प्रभूने त्यांना नेमकं तेच ऐकवलं: तुम्ही स्वतःला धनवान समजता आणि आपण उघडे, आंधळे आहोत हे तुम्हाला कळत नाही.

'तुम्ही ना थंड ना गरम, कोमट आहात' हा त्याच पत्रातला दाखलाही तिथल्याच पाण्याशी जोडतात. जवळच्या हेरापलीत औषधी गरम झरे, कलस्सैकडे गार पाणी, आणि लावदिकीयात दुरून नळांनी आणलेलं पाणी. उत्खननात सापडलेल्या त्या नळांत क्षारांचे जाड थर साचलेले आहेत. ते वाचलं तेव्हा मला आमच्या घरचा गीझर आठवला. आतून थर धरत जातो, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस पाणी पुरेसं तापेनासं होतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण या विषयावर बोलताना गरिबीचं कौतुक करण्याची वाईट सवय आपल्याला लागली आहे. गरिबी पवित्र नाही. माझे वडील महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उसने पैसे मागायला जायचे, तेव्हा त्यांची मान कशी खाली असायची ते मी पाहिलं आहे. भांडुपच्या मावशींनाही पक्कं घर, चोवीस तास पाणी आणि सुनेला वेगळी खोली हवी आहे, आणि त्यांना ते मिळावं म्हणून मी प्रार्थना करते. पोटाच्या भुकेची भलामण करणाऱ्याने पंडिता रमाबाईंचं आयुष्य एकदा तरी वाचावं.

रमाबाईंनी भूक पाहिली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी लोकांचा रोष पत्करलेले. वर्षानुवर्षं तीर्थयात्रा आणि दानधर्म करत ते कुटुंब भारतभर पायी फिरलं. 1874 च्या सुमारास, दक्षिणेत दुष्काळ असताना, आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे लिहिलं, ते मला अजून टोचतं. उपाशी मरत असतानाही भीक मागण्याचा किंवा अंगमेहनतीचं काम करण्याचा कमीपणा त्या घराला सोसवत नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली आहे. अभिमान पोटापेक्षा मोठा होता. आपल्या आईवडिलांबद्दल असं लिहायला किती धैर्य लागलं असेल, याचा विचार करा.

त्यानंतर मान मिळाला. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत व्याख्यानं झाली, पुस्तक गाजलं. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं, आणि ते पुढच्याच वर्षी पुण्याला नेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हिला आता काय कमी आहे? पण बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर रमाबाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे.

मी या एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येते. जगभर जिचं नाव झालं, जिच्या कामासाठी अमेरिकेतून पैसे येत होते, ती बाई आठ वर्षांनी म्हणते की मूळ वस्तू मला अजून मिळालेली नाही. आपल्यापैकी किती जण हे मोठ्याने म्हणू शकतील? आपला बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण शाळेत असताना, लग्न मंडळीत झालं, फोटो अल्बममध्ये आहेत. इतक्या नोंदी असताना 'मला अजून मिळालं नाही' असं म्हणायला जीभ वळत नाही. आणि जोवर म्हणत नाही तोवर भूक लागत नाही. नम्रता आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी पूर्वी समजायचे. रमाबाईंनी मला शिकवलं की आपलं ताट रिकामं आहे हे कबूल करणं हीच नम्रता, आणि कबूल केल्यावर पोटात जे ओढतं ती भूक.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणलं. मुक्ती सदन उभं राहिलं. 1905 च्या आरंभी त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुमारे 70 जणी आल्या, मग संख्या वाढत गेली. त्या वर्षी तिथे जी आत्मिक जागृती झाली ती जगभरच्या मंडळ्यांच्या इतिहासात नोंदली गेली आहे. पण मला त्याहूनही भावतं ते त्यांचं शेवटचं काम. संस्कृत जिच्या जिभेवर नाचे त्या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, आणि त्यासाठी भाषा निवडली ती अगदी साधी, नुकत्याच अक्षरं शिकलेल्या खेड्यातल्या बाईला कळावी अशी. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. ते शास्त्र पूर्ण छापून आलं 1924 साली. ज्या विद्येने पदव्या मिळवून दिल्या ती त्यांनी बाजूला ठेवली नाही, तिला खाली बसवलं.

आता आपण काय करायचं? सगळं विकून केडगावला जायचं का? नाही. आणि घरच्यांना न विचारता तर काहीच करू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की टिळकांच्या उदारपणाची झळ चुलीपाशी लक्ष्मीबाईंना लागत होती. आपली नम्रता बायकोच्या नाहीतर नवऱ्याच्या पोटावर उभी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट लक्ष्मीबाईंचीच वाट आपल्याला जवळची आहे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा 1900 चा. मधल्या वर्षांत त्यांचं सोवळं-ओवळं एकदम सुटलं नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या पंगतीला बसायचं, या घोटा-घोटाच्या, घासा-घासाच्या प्रश्नांवर त्या स्वतःशी झगडल्या. आपलं सोवळं आता जातीचं नाही असं आपण म्हणतो. मग घरी काम करणाऱ्या बाईचा कप वेगळा का असतो, ते एकदा बघा. रविवारी देवळात ती कुठल्या बाकावर बसते आणि आपण कुठल्या, तेही बघा.

म्हणून मी सुरुवात ताटापासूनच करायला सांगते. उपवासकाळात आपण मटण बंद करतो आणि पनीर मागवतो. त्याऐवजी वर्षभर दर शुक्रवारी दुपारचं एक जेवण सोडा. कोणाला सांगू नका, स्टेटसला ठेवू नका. त्या जेवणाचे जे शंभर-दीडशे रुपये असतील ते एका डब्यात टाका आणि महिन्याच्या शेवटी तो डबा ज्याला गरज आहे त्याच्या हातात जाऊ द्या, शक्यतो आपलं नाव न कळता. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, तर जेवण सोडू नका. संध्याकाळची मालिका सोडा, मोबाइल सोडा. पहिले दोन-तीन शुक्रवार चिडचिड होईल. मला झाली. दुपारी तीन वाजता मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले, आणि तेव्हा कळलं की माझी शांती प्रभूकडून येत नव्हती, पोळीभाजीतून येत होती. हे कळणं हाच पहिला फायदा.

शास्त्र कमी वाचा. हे ऐकून काही पाळक माझ्यावर रागावतील, पण मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. वर्षात संपूर्ण शास्त्र वाचून संपवण्याचे तक्ते आपण फ्रिजवर लावतो आणि रोज खूण करत जातो. चार अध्याय झाले, चला. हेही एक पोट भरल्यासारखं वाटणंच आहे. मुलुंडहून सीएसएमटीला धिम्या लोकलने जवळपास तासभर जातो. त्या तासात एकच स्तोत्र घ्या आणि आठवडाभर तेच घ्या. 150 स्तोत्रं आहेत, आठवड्याला एक म्हटलं तरी तीन वर्षांच्या आत होतात. घाई कोणाला आहे? सोमवारी जे शब्द कोरडे वाटतात ते गुरुवारी, विशेषतः ऑफिसात अपमान झालेल्या गुरुवारी, वेगळे लागतात.

साक्षीबद्दलही बोलायला हवं. आपल्या सभांमध्ये साक्ष म्हणजे बहुधा मिळालेल्या वस्तूंची यादी असते. प्रभूने फ्लॅट दिला, मुलाला व्हिसा दिला, गाडी दिली. उपकार मानावेतच. पण त्याच खोलीत तीन महिन्यांपासून नोकरी नसलेला माणूस बसलेला असतो आणि त्याला वाटतं, प्रभू माझ्यावर नाराज आहे. कधी तरी कोणी उभं राहून सांगावं, की या महिन्यात माझी प्रार्थना सुकली आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. आमच्या मंडळीत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तसं सांगितलं, आवाज कापत होता. त्या दिवशी उपासनेनंतर चहा प्यायला कोणी घाईने निघालं नाही.

नम्रतेचा सराव बोलण्यातून होत नाही. 'मी तर काहीच नाही' म्हणणाऱ्या माणसाचं नाव पत्रिकेत राहून गेलं तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माझंही राहून गेलं होतं आणि मी दोन रविवार तोंड फिरवून बसले होते. त्यापेक्षा चहाचे कप विसळा. कमिटीवर वीस वर्षं असाल तर एका तरुणाला जागा द्या आणि तो चुकला तर चुकू द्या. मागायला शिका, हे सर्वांत कठीण. आपल्याला द्यायला आवडतं, कारण देणाऱ्याचा हात वर असतो. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागणं आपण सोडलं, दहा मिनिटांत घरपोच येते म्हणून. तुम्ही आजारी पडलात तर मंडळीतल्या कोणाला तरी डबा आणायला सांगा. घेताना जे अवघडल्यासारखं होतं, ते होऊ द्या.

अंधेरीच्या सीप्झमध्ये, जिथून सोन्या-हिऱ्यांचे दागिने परदेशी जातात त्या कारखान्यांच्या मधोमध, एका जुन्या देवळाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. जेझुइट धर्मगुरूंनी ते 1579 च्या सुमारास बांधलं. एकोणिसाव्या शतकात, 1840 च्या सुमारास, साथीच्या रोगाने गाव उठलं आणि लोक मरोळला गेले. जाताना त्यांनी भिंती तिथेच सोडल्या आणि संतांच्या मूर्ती, वेद्या आणि बाप्तिस्म्याचं कुंड नव्या देवळासाठी नेलं. साथ मागे लागलेली असताना काय उचलायचं हे त्या लोकांना कळत होतं. आम्ही चाळ सोडली तेव्हा फ्रिज नेला, कपाट नेलं, आईचं शिवणयंत्रही नेलं. रात्री नऊ वाजता सतरंजीवर बसून होणारी कुटुंबप्रार्थना मात्र तिथेच राहिली. नव्या घरात प्रत्येकाला खोली मिळाली आणि नऊ वाजता सगळ्यांची दारं बंद असायची. तुमच्या घराचं रिडेव्हलपमेंट चालू असेल, ट्रान्झिटमध्ये राहत असाल, तर सामानाची यादी करताना हे आठवा. पंधरा मिनिटं पुरतात. मुलं सुरुवातीला कुरकुर करतील. माझी तिशीतली मुलगी आता पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसते.

मावशींकडे मी त्या बुधवारनंतरच्या रविवारी गेले, माफी मागायला. डोंगर चढताना दोनदा थांबले. त्यांनी गेटचा विषयच काढला नाही, मीच काढला. "अहो ताई, त्या वॉचमनची तरी काय चूक," म्हणाल्या आणि चहा ठेवला. मग म्हणाल्या, प्रार्थना करा. मी केली, नेहमीसारखी, सुरुवात-मध्य-शेवट असलेली. मग त्यांनी केली. मुलाच्या कामासाठी, पाण्याच्या टँकरसाठी, माझ्या गुडघ्यासाठी. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "प्रभू, काल आलास म्हणून आज चालणार नाही. आजपण ये." मी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. असं मी शेवटचं कधी मागितलं होतं?

तेव्हापासून आमची सभा एक बुधवार माझ्याकडे आणि एक बुधवार त्यांच्याकडे असते. आमच्या गेटवर त्यांचं नाव कायमचं नोंदवून ठेवलं आहे, आता विचारणा येत नाही. त्यांच्या घरी पंखा एकच आहे आणि आम्ही दाटीवाटीने सतरंजीवर बसतो. पहिल्या दिवशी मला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. दुसऱ्या वेळी मी खालीच बसले, उठताना दोघींना माझा हात धरावा लागला. तुमच्या मंडळीतही अशी एखादी मावशी असेल, एखादे काका असतील, ज्यांच्या घरी तुम्ही कधी गेला नाहीत. त्यांना 'या आमच्याकडे' म्हणू नका. 'आम्ही येऊ का' असं विचारा.

या बुधवारी सभा डोंगरावर आहे. वरपर्यंत रिक्षा जात नाही, शेवटचा चढ पायीच आहे. इतके दिवस मी संध्याकाळचा चहा आणि दोन बिस्किटं घेऊन घरातून निघायचे, या वेळी तशीच निघणार आहे.